कॉपी करणाऱ्यांची बाजू

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



दर मेळाव्यात आपल्यापैकी एकाने आपल्या कामाविषयी वीस मिनिटं बोलायचं, ही प्रथा मला आवडते. मागे बँकेतल्या मित्राने कर्जाविषयी सांगितलं, त्याआधी शेती करणाऱ्याने ठिबक सिंचनाविषयी. यंदा पाळी माझी आली. मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते, म्हणून विषय घेतला आहे पेशीतल्या कॉपी करणाऱ्यांचा. पहिल्या रांगेत आपले सर आणि बाई बसलेले असताना कॉपीची बाजू घेणं धाडसाचं आहे, याची मला कल्पना आहे. पण शेवटपर्यंत ऐकून मगच छडी उगारावी, ही विनंती.

हा विषय घेण्याला आणखी एक कारण आहे. आपल्या तुकडीतल्या काहीजणांनी गेल्या काही वर्षांत कर्करोगाचे उपचार घेतले. त्यातल्या एका मैत्रिणीने मला फोनवर तीन प्रश्न विचारले. पहिला, रेडिएशन एकदाच काय ते देऊन मोकळं का करत नाहीत, रोज रोज का बोलावतात? दुसरा, डॉक्टर जनुकाची तपासणी करा म्हणतात, ती झालेल्या रोगासाठी काय उपयोगाची? आणि तिसरा, माझ्या मुलांचं काय? तिची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. आज मी जे बोलणार आहे ते या तीन प्रश्नांची उत्तरं आहेत असं समजा. वाट जरा लांबून जाते, एवढंच.

सुरुवात शाळेत शिकलो तिथूनच करू. पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रं असतात आणि गुणसूत्रांत डीएनए. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरतो आणि त्यावर साधारण ६०० कोटी अक्षरजोड्या असतात. अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. डीएनए दुपदरी असतो. एका पदरावर ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी. म्हणजे एक पदर हाती असला की दुसरा काय असणार हे आपोआप कळतं. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये ही रचना मांडली, तेव्हाच कॉपी कशी होत असेल याचा अंदाज आला होता. दोन पदर सुटे करायचे आणि प्रत्येकासमोर नवा पदर लिहायचा.

पण लिहिणारा कोण? ते काम करतं एक विकर. त्याचं नाव डीएनए पॉलिमरेज. ते पहिल्यांदा शोधून काढलं आर्थर कोर्नबर्ग यांनी. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुईस इथे, आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूपासून त्यांनी हे विकर वेगळं केलं. परीक्षानळीत थोडा डीएनए, चार अक्षरांचा कच्चा माल आणि हे विकर घातलं की नवा डीएनए तयार होत होता. १९५९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. जीवसृष्टीची नक्कल करणारं यंत्र सापडलं, असं सगळ्यांना वाटलं.

आता गणिताच्या सरांसाठी एक उदाहरण. ई. कोलायच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या आहेत. जीवाणू त्याची नक्कल साधारण ४० मिनिटांत पुरी करतो. काम एका जागी सुरू होऊन दोन्ही बाजूंना पुढे सरकतं, म्हणून प्रत्येक बाजूच्या वाट्याला २३ लाख अक्षरं आली. ४० मिनिटं म्हणजे २,४०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला जवळजवळ हजार अक्षरं असं उत्तर येतं. आणि कोर्नबर्ग यांचं विकर सेकंदाला वीसेक अक्षरंच लिहीत होतं. हिशेब जुळत नव्हता.

१९६९ मध्ये जॉन केर्न्स आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रसाहाय्यक पॉला डी लुसिया यांनी या शंकेचा निकाल लावला. जीवाणूंवर उत्परिवर्तन घडवणारं रसायन टाकायचं, त्यातून वाढलेली एकेक वसाहत वेगळी करायची आणि प्रत्येकीत हे विकर आहे की नाही ते तपासायचं. डी लुसिया यांनी अशा हजारो वसाहती हाताने तपासल्या. आपल्यातल्या कुणी दहावीच्या पेपरांचे गठ्ठे तपासले असतील, त्यांना या कामातला कंटाळा कळेल. अखेर एक जीवाणू सापडला, ज्यात हे विकर जवळजवळ नव्हतंच. आणि गंमत अशी, की तो मजेत वाढत होता. वेळेवर दुप्पट होत होता, डीएनएची नक्कलही करत होता. ज्या जनुकात बिघाड होता त्याचं नाव ठेवलं पोल-ए. पॉलिमरेजवरून पोल, आणि उच्चारला तर पॉला. हजारो वसाहती तपासणाऱ्या बाईंचं नाव असं विज्ञानात राहून गेलं.

मग कोर्नबर्ग यांचं विकर काय कामाचं? त्या काळात एका मोठ्या नियतकालिकाने तर या विकराने सगळ्यांना भलत्याच वाटेला लावलं, अशा अर्थाची टीका छापली. नोबेल मिळालेल्या माणसाला हे वाचावं लागलं. त्यांचा मुलगा टॉम तेव्हा न्यूयॉर्कमध्ये चेलो वाजवायला शिकत होता. हाताच्या दुखण्यामुळे त्याचं वादन थांबलं होतं. प्रयोगशाळेचा अनुभव नसताना तो या कामात शिरला आणि माल्कम गेफ्टर यांच्याबरोबर १९७०-७१ मध्ये ई. कोलायमधली आणखी दोन पॉलिमरेज त्याने शोधली. त्यातलं तिसरं हे खरं वेगाने नक्कल करणारं विकर निघालं.

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते पहिल्या विकराविषयी. केर्न्स यांच्या त्या जीवाणूत एक उणीव होती. त्याच्यावर अतिनील किरण सोडले की तो पटापट मरत होता. साधा जीवाणू तेवढ्या किरणांतून सावरायचा, याला मात्र सावरता येत नव्हतं. म्हणजे कोर्नबर्ग यांचं विकर मुख्यतः दुरुस्तीच्या कामाला होतं. डीएनएचा खराब भाग कापून काढल्यावर जी रिकामी जागा राहते, ती समोरचा पदर वाचून भरून काढायची, हे त्याचं काम. नक्कल चालू असतानाही मध्ये मध्ये राहिलेल्या फटी तेच बुजवतं. लांब लांब कापड विणणारं यंत्र वेगळं, आणि फाटलेल्या जागी एकेक धागा घालणारा रफूगर वेगळा. रफूगराला वेगाची गरज नसते.

दुरुस्तीची एवढी गरज का पडते? डीएनए आपण समजतो तितका पक्का नाही. शरीरातल्या साध्या पाण्यानेसुद्धा त्याची अक्षरं गळतात. हे स्वीडनच्या टोमास लिंडाल यांनी दाखवलं. प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी अशी इजा होते. त्यात ऊन, तंबाखू, मशेरी, धूर यांची भर आपण घालतो ती वेगळी. तरी आपण टिकून आहोत, कारण दुरुस्ती अखंड चालू असते. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दुरुस्तीच्या शोधासाठी लिंडाल, पॉल मॉड्रिक आणि अझीझ संकार या तिघांना मिळालं. संकार हे तुर्कस्तानातल्या सावूर नावाच्या लहान गावचे. आईवडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मुलांनी शिकावं हा त्यांचा आग्रह होता. या सभागृहात अशी घरं कितीतरी आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

इथवरची इजा एका पदरावरची होती. एक पदर शाबूत असला की त्याच्याकडे बघून दुसरा भरता येतो. खरं संकट येतं ते दोन्ही पदर एकाच जागी तुटतात तेव्हा. दोरी तुटून दोन तुकडे व्हावेत तसं. समोर बघून लिहायला काही उरत नाही. असं तुटणं विरळ असतं, पण एकच तुकडा जोडायचा राहिला तरी पेशी मरू शकते. आणि भलत्या तुकड्याला जोडला गेला तर ती बिघडू शकते.

अशा वेळी पेशीपुढे मुख्यतः तीन वाटा असतात.

पहिली, घाईची. दोन टोकं आणायची आणि जोडून टाकायची. टोकं कुरतडलेली असतील तर थोडी छाटायची. लहानसहान खड्डे भरायला इथेही पॉलिमरेज लागतात. एखाद-दुसरं अक्षर जातं, पण दोरी जोडली जाते.

दुसरी वाट शहाण्यासारखी. शाळेत आपण आजारी पडलो की काय करायचो? मैत्रिणीची वही आणायची आणि बुडालेला अभ्यास उतरवून काढायचा. ही कॉपी बाईंनाही चालायची. पेशी अगदी हेच करते. विभाजनापूर्वी पेशीच्या प्रत्येक गुणसूत्राची एक नक्कल तयार झालेली असते, ती शेजारीच असते. तुटलेलं टोक त्या शेजारच्या वहीत नेमकं तेच पान शोधतं, आणि पॉलिमरेज तिथून हरवलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतं. अक्षरही इकडचं तिकडे होत नाही. मात्र तुटलेल्या टोकाला त्या पानापर्यंत नेणारी माणसं लागतात. ते काम करणाऱ्या प्रथिनांपैकी दोन म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. ही नावं तुमच्यापैकी काहींनी डॉक्टरांकडून ऐकली असतील.

तिसरी वाट नाइलाजाची. तिथलं विकर म्हणजे पॉलिमरेज थीटा. हे दोन्ही तुटलेल्या टोकांवर दोन ते सहा अक्षरं कुठे जुळतात का ते पाहतं. जुळली की तिथेच दोन्ही टोकं एकमेकांवर धरून ठेवतं आणि पुढची फट भरून टाकतं. मधला मजकूर गेला तर गेला, कधी दोन अक्षरं जास्तीची पडली तर पडली. फाटलेली नोट चिकटपट्टीने जोडावी तसा हा प्रकार. नोट चालते, पण नंबर पुसलेला असतो. आणि हे थीटा कुणाच्या घराण्यातलं? कोर्नबर्ग यांच्या त्या पहिल्या विकराच्या. जीवाणूपासून माणसापर्यंत त्या घराण्याचा दुरुस्तीचा धंदा चालत आला आहे. या घराण्यातला आणखी एक सदस्य तुम्ही सगळ्यांनी वापरला आहे. उकळत्या झऱ्यांच्या परिसरात राहणाऱ्या एका जीवाणूचं टॅक पॉलिमरेज. कोविडच्या काळात नाकात काडी घालून जी आरटी-पीसीआर तपासणी केली, ती अशाच उष्णता सोसणाऱ्या पॉलिमरेजच्या जिवावर होते.

आता मैत्रिणीच्या प्रश्नांकडे येते.

रेडिएशन रोज थोडं थोडं का? रेडिएशनचा मुख्य घाव डीएनएवर बसतो. ते दोन्ही पदर तोडतं. घाव कर्करोगाच्या पेशींवर बसतो तसा आजूबाजूच्या चांगल्या पेशींवरही बसतो. पण चांगल्या पेशींची दुरुस्तीची यंत्रणा सहसा धडधाकट असते, कर्करोगाच्या पेशींची बऱ्याचदा लंगडी. आज थोडा मारा केला आणि मध्ये एक दिवस गेला, की चांगल्या पेशी बऱ्याच सावरतात, वाईट पेशी तितक्या सावरत नाहीत. उद्या पुन्हा तेच. एकाच दिवशी सगळा मारा केला तर दोघीही मरतील. म्हणजे रोजच्या त्या फेऱ्या तुझ्याच पेशींतल्या रफूगरांना वेळ मिळावा म्हणून असतात. दवाखान्याच्या बाकावर बसून कंटाळा आला की हे आठवत जा.

दुसरा प्रश्न तपासणीचा. बीआरसीएच्या जनुकांच्या आपल्याकडे दोन दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. काहींना जन्मतःच एक प्रत बिघडलेली मिळते. उरलेल्या एका प्रतीवर काम नीट चालतं, म्हणून माणूस ठणठणीत असतो. पण एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, की तिथली मैत्रिणीच्या वहीची वाट बंद होते. मग ती पेशी घाईच्या आणि नाइलाजाच्या वाटांनी दिवस काढते, चुका साठत जातात, आणि त्यातून स्तनाचा किंवा बीजांडाचा कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्के असे आनुवंशिक मानले जातात.

मात्र हीच त्या पेशीची दुखरी नस आहे. २००५ मध्ये दोन संशोधकगटांनी दाखवलं, की बीआरसीए नसलेल्या पेशींत पार्प नावाचं दुरुस्तीतलं दुसरं विकर औषधाने अडवलं, तर त्या पेशी मरतात. चांगल्या पेशींना शहाण्या वाटेचा आधार असतो, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात. यातूनच ओलापारिबसारख्या गोळ्या आल्या. २०१४ पासून त्या वापरात आहेत. या गोळ्यांचा उपयोग कुणाला होईल हे ठरवायला जनुकाचा रिपोर्ट लागतो. म्हणून डॉक्टर तपासणी सांगतात. झालेल्या रोगासाठी तिचा उपयोग आहे तो असा.

पुढे काही रुग्णांत या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. आता लक्ष गेलं आहे ते थीटाकडे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं, की बीआरसीएची वाट बंद असलेल्या पेशी थीटाच्या जिवावर तग धरतात. थीटाला अडवलं तर त्यांचा शेवटचा आधार जाईल, असा विचार आहे. नोव्होबायोसिन नावाचं एक जुनं प्रतिजैविक थीटाला अडवतं, असं २०२१ मध्ये दिसून आलं. अशी औषधं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचली आहेत. अजून ती चाचण्यांतच आहेत, तेव्हा व्हॉट्सअॅपवर कुणी रामबाण उपाय म्हणून पाठवलं तर पुढे पाठवू नका.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, मुलांचा. आई किंवा वडील, कुणाकडेही बिघडलेली प्रत असेल तर ती प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. ती मुलीकडे जाते तशी मुलाकडेही जाते. पुरुषमंडळी, हे तुमच्यासाठी सांगते आहे. तुमच्या आईला, आत्याला किंवा बहिणीला हा रोग झाला असेल, तर ‘हा बायकांचा विषय’ म्हणून उठून जाऊ नका. ती प्रत तुमच्याकडे असू शकते, तुमच्या मुलींकडे जाऊ शकते, आणि प्रोस्टेटचा धोका तुम्हालाही वाढतो. बिघडलेली प्रत मिळाली म्हणजे रोग झालाच, असंही नाही. धोका कळला की लवकर आणि नियमित तपासण्या करता येतात, धोका कमी करण्याचे उपाय डॉक्टरांशी बोलून ठरवता येतात.

घरात कमी वयात स्तनाचा कर्करोग झालेला असेल, बीजांडाचा झालेला असेल, किंवा एकाच बाजूच्या दोघातिघांना झालेला असेल, तर आधी समुपदेशकाला भेटा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे, इतर मोठ्या शहरांतही सोय होत चालली आहे. शक्यतो ज्यांना रोग झाला आहे त्यांची तपासणी आधी करतात, मग बाकीच्यांची. इंटरनेटवरून किट मागवून घरबसल्या निष्कर्ष काढू नका. आणि घरात बोला. आपल्याकडे आजी ‘पोटाच्या दुखण्याने’ गेली एवढंच पुढच्या पिढीला सांगतात. ते दुखणं नेमकं कसलं होतं, हे विचारण्यासारखी माणसं घरात आहेत तोवर विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

आपल्या मैत्रिणीचा रिपोर्ट काय आला, ते सांगायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं. मात्र तिने मला आणखी एक विचारलं होतं, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ती म्हणाली, ‘माझं काय चुकलं गं?’ तिला जे सांगितलं तेच सर्वांना सांगते. तंबाखू आणि मशेरी सोडा, हे मी हक्काने सांगेन, कारण तिथे इजा आपण ओढवून घेतो. पण अक्षरं पाण्यानेही गळतात. नक्कल करणारं विकर स्वतःचं लिखाण मागे वळून तपासतं, त्याच्यामागून आणखी तपासनीस येतात, तरी शंभर कोटी अक्षरांत साधारण एखादी चूक राहतेच. इतका स्वच्छ पेपर आपल्यापैकी कुणीही लिहिला नव्हता, पहिल्या नंबरवाल्यांनीसुद्धा. जी चूक राहिली ती कुणाच्या पेशीत राहिली, याचा वागण्याशी, व्रतवैकल्यांशी, पुण्याशी काही संबंध नसतो. आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा कारणं शोधत बसू नका. रेडिएशनला सोबत जा, डबा पोचवा, रिक्षा बोलावून द्या.

सर, बाई, कॉपी करणाऱ्यांची बाजू मी मांडली. निकाल तुमच्याकडे सोपवते.  प्रश्न असतील तर जेवणाच्या वेळी विचारा. आणि सर्वांसमोर विचारण्यासारखे नसतील, तर माझा फोन नंबर आपल्या यादीत आहेच.

नमस्कार.